ओसरीवरचा उखाणा

सन २०३६. त्या वर्षी कृष्णेला पूर आला नाही, आंब्याला मोहोर उशिरा आला आणि जगातली सगळी जुनी कुलपं एकदम निकामी झाली. पहिल्या दोन गोष्टी सांगलीकरांना चांगल्या आठवतात. तिसरी फारशा कुणाला आठवत नाही, कारण कुलूप तुटल्याचा आवाज म्हणून काही झालाच नाही.

शैलजा टिपणीस तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. विश्रामबागेतल्या तळमजल्याच्या घरात एकट्याच राहायच्या. विमा कचेरीतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती. नवरा श्रीनिवास जाऊनही खूप दिवस झाले होते. मुलगी मुक्ता पुण्याला. पण एकट्या आहात का असं कुणी विचारलं की शैलाताई हसायच्या. त्यांच्याकडे ओसरी होती.

आताच्या मुलांना ओसरी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. वेबफोरम हा शब्दही त्यांना पणजीच्या फडताळातला वाटतो. कुणीतरी एक विषय काढायचा, त्याला धागा म्हणायचं, आणि बाकीच्यांनी त्याखाली आपापलं म्हणणं लिहीत जायचं. घाई नाही, कुणाचा चेहरा नाही, कोण किती वेळा बघून गेलं याचा हिशेब नाही. सकाळी विचारलेल्या प्रश्नाला संध्याकाळी उत्तर यायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

ओसरी सुरू झाली २००४ साली. श्रीनिवास साखर कारखान्यात इंजिनिअर होता. गळीत हंगाम संपला की हात मोकळे, म्हणून त्याने फुकट मिळणारा एक फोरमचा प्रोग्रॅम घेतला. त्याला मराठी अक्षरं झेपत नव्हती. श्रीनिवासने अख्खा उन्हाळा घालवून अक्षरांची सोय स्वतः बसवली आणि बायकोला म्हणाला, "घे. आता तुम्ही बायका बोला काय बोलायचं ते. मी बाहेर उभा आहे." आणि खरोखरच तो शेवटपर्यंत बाहेर उभा राहिला. एकदाही त्याने आत काय चाललंय ते वाचलं नाही.

ओसरीची शपथ एकच होती, खरं नाव कुणी सांगायचं नाही. कुणी दवबिंदू, कुणी कानडी कस्तुरी, कुणी मोरपंखी. शैलाताई स्वतः कवाड. नाव नसल्यामुळे बायका जे बोलल्या ते त्यांनी माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. दुपारी वीज यायची त्या दोन-तीन तासांत सासू झोपलेली, मुलं शाळेत, आणि मोडेम कुरकुरत जोडला जायचा. त्या कुरकुरीची आठवण निघाली की शैलाताईंना अजून अंगावर मोरपीस फिरल्यासारखं व्हायचं.

नाव नोंदवताना प्रोग्रॅम एक प्रश्न विचारायचा. पासवर्ड विसरला तर ओळख कशी पटवायची? तयार प्रश्न होते ते परदेशी: तुमच्या पाळीव प्राण्याचं नाव काय? बायका हसून लोटपोट झाल्या. "नवऱ्याचं चालेल का?" असं कानडी कस्तुरीने विचारलं, आणि त्या थट्टेतूनच कल्पना निघाली. बाई सगळं विसरेल, आपला उखाणा विसरणार नाही. श्रीनिवासने तो प्रश्न काढून तिथे लिहिलं, 'तुमचा उखाणा लिहा.' जी आली तिने लग्नात घेतलेला नाहीतर नवा जुळवलेला उखाणा त्या चौकटीत लिहिला, आणि एकदा लिहून झाल्यावर तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

या ओसरीवर २००५ सालच्या दिवाळीनंतर बकुळा नावाची मुलगी आली.

मुलगीच म्हणायची, कारण लिहिण्यावरून तशीच वाटली. पहिलटकरीण होती. बाळ महिन्याचं. तिने लिहिलं, 'मला याच्याबद्दल काहीच वाटत नाही. सगळे म्हणतात गोड आहे. मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.' चार दिवसांनी लिहिलं, 'काल घाटावर घेऊन गेले होते. शेवटच्या पायरीवर बसले. पाण्यात सोडला तर दोघंही सुटू, असं वाटलं. कितीतरी वेळ वाटत राहिलं.'

मग ओसरीवरच्या बायकांनी जे केलं, ते आयुष्यात एखाद्याच वेळी माणसांच्या हातून घडतं. त्यांनी बकुळेला एकटं सोडलं नाही. पाळ्या लावल्या. सकाळी दवबिंदू, दुपारी कस्तुरी, आणि सगळं घर निजल्यावर बहारीनची मोरपंखी, कारण तिचं घड्याळ मागे. कुणी उपदेश केला नाही. एकीने लिहिलं, मलाही असंच झालं होतं. मग दुसरीने. मग पाचव्या, सहाव्या बाईने. ओसरीवर एक डॉक्टरीण होती, तिने स्वच्छ सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, औषधाने बरा होतो, यात तुझं पाप काही नाही. आणि बकुळेच्या बोलण्यातून ती मिरजेची आहे हे कळल्यावर शैलाताई सिटी बस धरून गेल्या आणि घाटाजवळ महिन्याचं बाळ असलेलं घर विचारत फिरल्या. त्या पावसाळ्यातल्या महापुराची रेघ अजून भिंतींवर ताजी होती. दार उघडलं ते सुनीती पुजारीने. केस विस्कटलेले, डोळे कोरडे. शैलाताई म्हणाल्या, "मी कवाड." ती त्यांच्या गळ्यात पडून इतकी रडली की पाळण्यातलं बाळ जागं झालं, आणि तिने स्वतः जाऊन त्याला घेतलं.

फाल्गुनात बकुळेने धाग्याखाली लिहिलं, 'आज तो हसला आणि मला तो माझा वाटला.' त्याखाली बायकांची नुसती नावंच नावं उमटली. आनंदाने काय लिहावं ते कुणाला सुचलं नव्हतं.

ते बाळ म्हणजे निहार. त्या घटनेबद्दल शैलाताई आणि सुनीती पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण तीस वर्षांत, अगदी श्रीनिवास गेल्यावरही, एकही संक्रांत अशी गेली नाही की सुनीती विश्रामबागेत वाण घेऊन आली नाही.

आता त्या कुलपांचं.

कुठलाही प्रोग्रॅम म्हणजे शेवटी माणसाने लिहिलेल्या सूचना. वाण्याच्या दुकानातल्या नोकरासारखं समजा. गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, 'साखर द्या', नोकर साखर देतो. पण नोकर भोळा असेल आणि एखाद्याने चिठ्ठीत साखरेखाली 'आणि आतल्या खोलीची किल्लीही द्या' असं लिहिलं, तर तो तेही देऊन मोकळा होतो. ओसरीवर शोधाची एक चौकट होती. 'उकडीचे मोदक' लिहिलं की त्यावरचं लिखाण समोर यायचं. त्या चौकटीत शब्दांऐवजी हुकूम लिहिला तर आतला नोकर तोही पाळणार होता. हे भोक पहिल्या दिवसापासून होतं. प्रोग्रॅम करणाऱ्यांनी काही वर्षांनी दुरुस्ती पाठवली. श्रीनिवासने ती चढवून पाहिली तर सगळं मराठी लिखाण प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसलं. घाबरून त्याने जुनं होतं तसं परत बसवलं. मग तो गेला. मग कुणी हात लावला नाही.

अशी भोकं शोधायला पूर्वी हुशार माणसाला महिने लागत. कारकुनी चिकाटी लागे आणि चोराचं डोकं. ते दोन्ही ओसरीसारख्या ठिकाणी कोण खर्च करणार? ओसरी सुरक्षित होती ती कुलपामुळे नव्हे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून. २०३६च्या सुरुवातीला एक यंत्र आलं. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं दाभण. माणूस कादंबरी वाचतो तसं ते प्रोग्रॅम वाचायचं, कुठे कुणावर नको तितका विश्वास टाकलाय ते हेरायचं, आणि तिथून आत जाणारी चिठ्ठीही स्वतःच लिहायचं. मोठ्या बँकांनी, इस्पितळांनी त्याच यंत्राकडून आपली भोकं आधी बुजवून घेतली. मग त्याची एक प्रत बाहेर फुटली आणि कुणाच्याही फोनवर चालू लागली. यंत्राला कंटाळा नसतो. ज्या दारांकडे वीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या दारांवरून ते एकेक करत हात फिरवत निघालं.

चैत्रात मुक्ता पुण्याहून न कळवता आली. ती संगणकांच्या सुरक्षेच्या कामात होती. शैलाताई कैरीची डाळ वाटत होत्या.

"आई, ओसरी आजच्या आज बंद कर."

"आल्या आल्या हुकूम. चप्पल तरी काढ. आणि बंद कर म्हणजे काय? दुकान आहे का ते?"

"दुकान असतं तर बरं होतं. दुकानाला शटर असतं." मुक्ताने ओट्यावरची डाळ चिमटीने तोंडात टाकली. "बाबांचा प्रोग्रॅम मी काल बघितला. त्यात कापड कमी आणि भोकं जास्त आहेत."

"बाबांनी किती खपून केलंय ते."

"बाबांनी छानच केलंय. दोन हजार चार साली. तेव्हा नुसती कडी लावली तरी चोर परत जायचा. आता चोर कडीशी बोलतो आणि कडी त्याचं ऐकते."

"मग दुरुस्त कर. एवढी शिकलीस कशाला?"

"करते ना. पण आधी बंद. सगळं लिखाण उचलू, अक्षरं नीट जुळवू, नव्या जागी नेऊ. दोनेक महिने लागतील. मग बसा परत ओसरीवर पाय पसरून."

शैलाताईंनी हात धुतले. पदराला पुसले. "कौल घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या.

"कसला कौल?"

"ओसरीवर काही बंद करायचं तर आठ दिवसांचा कौल लागतो. मागे एकीने न विचारता धागा बंद केला तर निम्म्या जणी रुसून गेल्या होत्या. तेव्हापासून नियम आहे. तीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही."

"घराला आग लागली तर आधी सोसायटीची मीटिंग बोलावशील?"

"मला कुठे आग दिसत नाहीये."

"तीच तर गंमत आहे." मुक्ता खुर्चीत बसली. "बरं, एक सांग. आत कुणाची खरी नावं आहेत?"

"एकीचंही नाही." हे सांगताना शैलाताईंचा आवाज अभिमानाने चढला. "ती तर ओसरीची शपथ. सगळं नेलं तरी चोराला काय कळणार? दवबिंदू कोण ते मलासुद्धा माहीत नाही."

मुक्ता थोडी निवळली. नावं नाहीत हे तिलाही बरं वाटलं. ती उखाण्यांच्या काळात शाळकरी पोर होती, आणि स्वतःचं लग्न नोंदणी कचेरीत केलेलं. त्या चौकटीत काय असेल हे तिच्या मनातही आलं नाही. शैलाताईंच्या मनात यायला हवं होतं. पण उखाण्यात नवऱ्याचं नाव असतं, हे मराठी बाईला वेगळं आठवावं लागत नाही, आणि म्हणूनच ते आठवत नाही.

कौल लागला. 'ओसरी काही काळ बंद ठेवावी का?' खाली दोन उत्तरं, ठेवावी आणि ठेवू नये. कितीतरी दिवसांनी ओसरी गजबजली. ज्या जणी वर्षानुवर्षं फिरकल्या नव्हत्या त्या आल्या. 'अगं माझे गुडघे गेले पण पासवर्ड आठवला,' असं कस्तुरीने लिहिलं. मोरपंखी बहारीनहून आता नागपूरला आली होती, तिने लिहिलं, 'आपल्यातल्या किती गेल्या, त्या इथेच तर आहेत. बंद करून त्यांना बाहेर कुठे बसवायचं?' हे वाचून शैलाताईंनी डोळे टिपले.

कौलाच्या मधल्याच एका दुपारी सुनीती खरवस घेऊन आली. आता साठीची होती. अंगाने भरलेली, हसरी, मिरजेच्या महिला मंडळाची अध्यक्ष.

"मी 'ठेवू नये'ला मत दिलं हो," बसता बसताच ती म्हणाली.

"सुनीती," शैलाताईंनी शब्द जुळवत विचारलं, "तुझा तो धागा... तेवढा काढून टाकू का मी? कौलाचं काय व्हायचं ते होवो."

सुनीतीने हातातला खरवसाचा डबा खाली ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा तो विषय दोघींमध्ये आला होता.

"नको," ती म्हणाली. "मी वाचते तो. कधी कधी. निहारने पहिला पगार आणून हातात ठेवला ना, त्या दिवशी वाचला. वरचं नाही वाचत, ते माझ्याच्याने होत नाही. खालचं वाचते. कुठल्या कोण बायका, शैलाताई. मला अजून त्यांची तोंडं माहीत नाहीत. तो धागा काढलास तर मला वाचवलं कुणी, याला साक्षीदार कोण?"

"मुक्ता म्हणते धोका आहे."

"बकुळा कोण ते तुला माहीत नि मला. तू सांगणार आहेस का?"

"वेडी आहेस का?"

"मग झालं तर. चव घेऊन सांग, वेलदोडा जास्त झालाय का. आणि ऐक, निहारचं जमतंय असं दिसतंय. मुलगी कऱ्हाडची. अन्विता नाव. लग्नात तुला उखाणा घ्यायला लावणारे मी, सांगून ठेवते."

कौल भरघोस मतांनी ओसरीच्या बाजूने लागला. त्याच दिवशी मुक्ताचा फोन आला. तिने ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद तपासली होती. कौल चालू असतानाच कुणीतरी शोधाच्या चौकटीतून आत शिरलं होतं आणि होतं नव्हतं ते सगळं उचलून नेलं होतं. ओसरी मात्र जशीच्या तशी होती. एक शब्द हलला नव्हता. चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी असते, ही त्या काळाची नवलाई.

मुक्ता आली ती यादी करूनच. काय काय गेलं ते वाचू लागली. धागे. निरोप. पासवर्ड. मग थांबली.

"आई, 'उखाणा' नावाचा एक रकाना आहे. हे काय आहे?"

मुक्ताने पडदा त्यांच्याकडे वळवला. बकुळा या नावापुढे लिहिलं होतं:

मिरजेच्या सतारीला सात सुरांचा साज,
दिगंबररावांचं नाव घेते ओसरीवर आज.

"आणि अशा सगळ्यांचे आहेत," मुक्ता हळू आवाजात म्हणाली. "प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव. कुणाच्यात गावसुद्धा."

त्या दिवशी शैलाताई कुणालाही विचारायला थांबल्या नाहीत. "पाड सगळं," त्या म्हणाल्या. "आत्ता."

"पाडते. निदान इतरांच्या हाती तरी लागणार नाही. पण एक प्रत आपल्याकडे ठेवू. वेगळ्या डिस्कवर, कशालाही न जोडलेली. कपाटात ठेव."

"नको. कपाटही नको, डिस्कही नको. एकदा शहाणपण केलं तेवढं पुरे. एक अक्षर ठेवू नकोस."

"आई, नंतर हळहळशील."

"पाड म्हणते ना."

आधी बंद करायचं तेव्हा केलं नाही, आणि आता गरजेपेक्षा जास्त केलं. मुक्ताने पाडलं. श्रीनिवासचा उन्हाळा, मेलेल्या बायकांचं जितेपणीचं बोलणं, मोदकाची पारी का फुटते यावरचं तीन वर्षं चाललेलं भांडण, सगळं गेलं. शैलाताईंना वाटलं, चला, सुटलो. चोराने नेलं असेल, पण त्याला मिरजेतल्या एका बाईशी काय देणंघेणं?

चोराला नव्हतंच. पण चोरीचा माल घेणारे होते. त्या वर्षी लग्न जमवणाऱ्या कंपन्यांनी एक नवी सोय काढली होती, घराण्याचा अहवाल. पूर्वी स्थळाची चौकशी शेजारीपाजारी करत, मामा जाऊन पाहून येई. आता यंत्र करू लागलं. फुटलेलं सगळं जुनं लिखाण ते चाळायचं आणि सांधे जुळवायचं. दिगंबर हे नाव, मिरज हे गाव, दिवाळीच्या आसपास जन्मलेला पहिला मुलगा. असे धागे एकत्र ओढले की गाठ एकाच घरावर बसते. माणसाला ही सांधणी करायला जन्म गेला असता. यंत्राने ती गावोगावच्या घरांची केली. मग प्रत्येक लिखाणातून त्याला शिकवलेलं तेवढंच उचललं: रोग, वेड, व्यसन, धोका. दिलासा उचलायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

श्रावणात निहार शैलाताईंच्या दारात उभा राहिला. हातात छापलेले कागद. लहानपणापासून तो त्यांना मावशी म्हणे, अगंतुगं करी. त्या दिवशी करेना.

"हे तुम्ही सांभाळत होतात?"

"आत ये, निहार. बस आधी."

"अन्विताच्या वडिलांनी दिलं मला. सभ्य माणूस आहे. म्हणाले, आमची काही हरकत नाही, पण तुम्हाला माहीत असावं." त्याने कागद त्यांच्यापुढे धरला. वर लिहिलं होतं, 'वराच्या मातेचा मनोविकार. अपत्याच्या जीवितास धोका.' खाली बकुळेची वाक्यं. काहीच वाटत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. शेवटच्या पायरीवर बसले. पाण्यात सोडला तर.

तेवढीच. त्याच्या खाली कोरा कागद.

"आईला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, आजारी होते. एवढंच. मग आत जाऊन बसली. त्या पायरीवर तिने मला पोहायला शिकवलंय, मावशी. त्याच घाटावर." चुकून आलेली 'मावशी' त्याने गिळली. "तीस वर्षं तुम्ही हे का ठेवलंत?"

"अरे, हे सगळं नाहीये. हे फक्त वरचं आहे. याखाली खूप होतं. बायकांनी किती... तुझी आई बरी कशी झाली, ते सगळं खाली होतं. तू हसलास तो दिवसही होता."

"दाखवा मग."

शैलाताई सवयीने संगणकाकडे वळल्या. दोन पावलं गेल्याही. आणि तिथेच थांबल्या.

"पाडलं मी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सगळं पुसून टाकलं. तुझ्या आईसाठीच. पण तोंडपाठ आहे मला, निहार. मी सांगते. मोरपंखीने लिहिलं होतं, 'पोरी, मला आज झोप नाही, तू बोल'..." त्या सांगत सुटल्या. पाळ्या, डॉक्टरीण, सिटी बस, पाळण्यातलं बाळ जागं झालं ते. फाल्गुनातलं ते एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

निहारने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट मुलगा नव्हता.

"तुम्ही तिच्या मैत्रीण आहात," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही असंच सांगणार. आणि तिचं हे इथे लिहिलेलं आहे." त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जिना नसलेल्या त्या घराच्या एकाच पायरीवर जरा अडखळून निघून गेला.

शैलाताईंनी ओसरीच्या बायका शोधायची खटपट केली. निदान दोघीतिघींनी निहारला भेटून सांगावं. पण शपथ पक्की होती. दवबिंदू कोण, कुठली, काही कळेना. ज्या बायकांची नावं आता कुठल्याही वधूपित्याला मिळत होती, ती एकट्या शैलाताईंना माहीत नव्हती. मोरपंखी नागपूरला आहे एवढं ठाऊक होतं. मोठ्या प्रयासाने तिचं घर सापडलं तेव्हा सून म्हणाली, सासूबाईंच्या तसल्या उद्योगांमुळे आम्हाला आधीच पुष्कळ सोसावं लागलंय, पुन्हा फोन करू नका.

पुढे काय झालं, तेही सांगून टाकते.

अन्विताने निहारशी लग्न केलं. तिची मुळातच हरकत नव्हती. ती दोघं बंगळूरला असतात. निहार दर रविवारी आईला फोन करतो, तब्येत विचारतो, औषधं पाठवतो. त्यांना मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला सुनीतीने यायची तयारी केली होती. 'कशाला दगदग करतेस,' असं निहार म्हणाला. सुनीतीला कळलं. तिने बॅग उघडून साड्या परत कपाटात लावल्या. नात आता चालते. आजीच्या हातात ती अजून एकटी दिलेली नाही.

दिगंबरराव रागावले, पण त्यांचा राग भलताच होता. "बहारीनच्या बाईला माहीत होतं," ते म्हणत, "आणि शेजारच्या उशीवर मी." त्यानंतर ते आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसत. गेल्या वर्षी ते गेले.

मुक्ताने ते काम सोडलं. पुण्यात ती आता मुलांना गणित शिकवते. आईला तिने एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, आणि शैलाताईंना तेच जास्त लागतं.

ते अहवाल काढणाऱ्या कंपन्यांविरुद्ध कायदा झाला. कंपन्या नाव बदलून आहेत. दाभण तर आता जुनाट झालं, त्याहून बारीक सुया निघाल्या.

शैलाताई अजून विश्रामबागेतच आहेत. रोज दुपारी संगणकापुढे बसतात आणि आठवेल तसा तो धागा पुन्हा लिहून काढतात. कधी दवबिंदूचं वाक्य कस्तुरीच्या नावावर जातं, कधी एखादं वाक्य आपलंच तर नाही ना, अशी शंका येते. लिहिलेलं कुणाला दाखवत नाहीत. दाखवून पटायचं नाही हे त्यांना कळून चुकलंय.

सुनीतीने महिला मंडळ सोडलं नाही. पण २०३७च्या संक्रांतीला तिच्या घरच्या हळदीकुंकवात बायकांनी आग्रह केला, सुनीतीकाकू, उखाणा घ्या. दिगंबरराव तेव्हा होते, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. सुनीतीने हातातलं वाण शैलाताईंच्या ओटीत ठेवलं, कुंकू लावलं आणि बायकांकडे बघून शांतपणे म्हणाली, "मी एकदा घेतलाय. तो अजून लोकांना पाठ आहे."

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.